डाव्या हाताला पट्टी

“काका, देऊळ न्हाई हे.”

कढईतल्या भज्यांवरची नजर न हलवता हॉटेलवाला दत्ता बोलला आणि बाकांवरची चार-पाच माणसं हसली. दारात एक म्हातारा माणूस वाकून चपला काढत होता. तो तसाच थबकला. एक पाय चपलेत, एक जमिनीवर. मग सगळ्यांबरोबर तोही थोडंसं हसला, काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली आणि आत आला.

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. डोक्यावर ओढणी, हातात चहाचा ग्लास. भिंतीवर तडा गेलेला एक आरसा होता आणि त्यात मला दार दिसत होतं. निवृत्तीकाका खूप वाळले होते. पण पांढरा सदरा इस्त्रीचा होता आणि गळ्यात तीच शिटी होती, काळ्या दोऱ्यातली.

समोर आई बसली होती. आम्ही दोघी जांब समर्थचं दर्शन करून जालन्याला परत निघालो होतो. गाडी मी चालवत होते. नेमकं ह्या फाट्यावर चाक पंक्चर झालं आणि पंक्चरवाला म्हणाला, “अर्धा घंटा लागंल, हॉटेलात बसा.” नाहीतर मी इथे थांबले नसते. सहा वर्षं झाली, हा फाटा आला की मी काच वर करते आणि सरळ समोर बघत गाडी पुढे नेते. रस्त्याच्या पलीकडे धावपट्टीचं फाटक आहे. आत गुडघाभर कुसळी वाढली आहे. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबावर कापड राहिलेलं नाही, नुसतं लोखंडी कडं आहे.

“देऊळ न्हाई हे” ही ह्या गावातली चेष्टा आहे. कुणी चुकीच्या जागी भक्तिभाव दाखवला, कुणी उगाच हात जोडले, की म्हणायची. ती कुठून आली हे सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. रेडिओवर ते वाक्य खरं तर एकदाच बोललं गेलं होतं. मी तेव्हा जमिनीपासून हजार फूट वर होते, एका छोट्या विमानात, एकटी.

*

इथे तेव्हा विमान शिकवायची एक छोटी शाळा होती. दोन विमानं, पत्र्याचं एक हँगर, एक ऑफिस आणि आम्ही सात-आठ मुलं. मी एकटीच जालन्याची. सकाळी साडेपाचला नवीन जालन्याहून पप्पा मला मोटरसायकलवर सोडायचे. बियाण्यांच्या कंपन्यांची बंद शटरं, स्टेशनासमोरच्या रिक्षा, मग गाव संपायचं आणि थंडीत मोसंबीच्या बागांचा वास सुरू व्हायचा. मोसंबीला फूल लागलं की पहाटेचा तो वास इतका दाट असतो की हेल्मेटच्या आतही येतो. फाटकाशी पोचलं की त्यात विमानाच्या पेट्रोलचा वास मिसळायचा. आजही कुणी मोसंबी सोलली तर मला त्याच्या मागे पेट्रोलचा वास येईल असं वाटतं. येत नाही.

आमच्या पट्टीवर टॉवर नव्हता. मोठ्या विमानतळावर वरून कुणीतरी सांगत असतं, तू आता ये, तू थांब. इथे सांगणारं कुणी नाही. जो तो आपलं आपण रेडिओवर सांगतो की मी कुठे आहे आणि आता काय करणार आहे. बाकीचे ऐकतात आणि आपापलं अंतर ठेवतात. सगळी व्यवस्था बोलण्यावर चालायची.

आणि मला बोलता यायचं नाही.

मुकी नव्हते मी. इंग्लिश मीडियमची होते, म्हणून सगळ्यांना वाटायचं की रेडिओ हिला सगळ्यांत सोपा जाईल. परभणीचा एक मुलगा तर म्हणायचा, “तुझं बरं आहे, तुझं सगळं पाठच असंल.” पाठ होतंच. वहीत माझ्याइतकं शुद्ध कुणी लिहीत नव्हतं. पण रेडिओचं बटण दाबलं की वाटायचं, आता सगळं आकाश माझ्याकडे कान लावून बसलंय. शिकवणारे सर शेजारी असले की दबक्या आवाजात का होईना मी बोलायचे. एकटी असले की बटण दाबलं जायचं, तोंड उघडायचं आणि काहीच बाहेर यायचं नाही. बटण सोडलं की खट्ट. बस, एवढंच.

त्या खट्टवरून निवृत्तीकाका मला ओळखायचे.

ते पट्टीचे राखणदार. पलीकडच्याच वस्तीवर घर, सातवी शिकलेले. आधी त्याच रानात ज्वारी काढायचे, मग तिथे पट्टी झाली तर तीच राखायला लागले. त्यांच्या खोलीत खुंटीला एक छोटा वॉकीटॉकीसारखा सेट टांगलेला असायचा. विमान येतंय हे कळावं आणि शेळ्या हाकलता याव्यात म्हणून तो दिलेला. हुकूम असा होता की ऐकायचं, बोलायचं नाही. बोलायला परवाना लागतो. सेटवर नुसतं खट्ट झालं, पाठोपाठ कुणी बोललं नाही, की ते शिटी घेऊन उठायचे आणि शेळ्यांमागे पळत त्या राखणाऱ्या पोरांना सांगायचे, “ताई आली, ताई आली.”

मी उतरले की विचारायचे, “आज बी न्हाई निघाला का आवाज?”

“नाही.”

“घाई न्हाई. पण एक दिवस बोलावं लागंल बरं का. मला काय, मी वळखतो. बाकीच्यायला कसं कळावं?”

*

चक्कर मला त्यांनी पायी शिकवली.

विमान पट्टीवर सरळ येऊन उतरत नाही. आधी पट्टीच्या बाजूनं एक लांबट चौकोनी फेरा घ्यायचा असतो, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या दिशेनं. आमच्याकडे ती दिशा डावी होती. म्हणजे फिरताना पट्टी कायम आपल्या डाव्या हाताला. सरांनी ते फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि मी ते वहीत उतरवलं होतं. पण मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा हात आपोआप उजवीकडे गेले. दुसऱ्यांदाही. सर चिडले नाहीत, नुसते म्हणाले, “तुझ्या अंगात उलटं भरलंय काहीतरी.”

काय भरलंय ते काकांनी शोधून काढलं. कडुलिंबाखाली बसून त्यांनी विचारलं, “ताई, देवळात जाता का?”

“हो. जांबला. लहानपणापासून.”

“मंग बराबर हाय. तुमच्या अंगात प्रदक्षिणा हाय. देव उजव्या हाताला ठिवून फिरायची सवय.”

तुराट्यांची एक काडी घेऊन त्यांनी मातीत पट्टी काढली, तिच्या बाजूनं चौकोन काढला आणि मला त्या रेघेवरून चालायला लावलं. दोन्ही हात पसरून. आधी मला लाज वाटली. हँगरमधून मुलं बघत होती. पण काका माझ्या पुढे स्वतः चालत होते, सदऱ्याच्या बाह्या वाऱ्यानं फुगलेल्या, हात पंखासारखे पसरलेले, आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून रेडिओवरची वाक्यं म्हणत होते. सेटवर रोज ऐकून त्यांना सगळी येत होती. ‘डाऊनविंड’ला, म्हणजे वारा पाठीशी घेऊन जायच्या बाजूला, ते ‘डाऊनइंद’ म्हणायचे, पण अडखळायचे नाहीत.

“देऊळ न्हाई हे,” प्रत्येक वळणावर ते मला बजावायचे. “इथं पट्टी डाव्या हाताला.”

पट्टीजवळ कसं यायचं तेही त्यांनीच त्यांच्या भाषेत सांगितलं. “यष्टी ष्टँडात शिरती तसं. ज्या फाटकातून बाहेर निघत्यात त्यातून आत घुसायचं न्हाई. लांबून यायचं. आधी ऐकायचं, कोण कोण हाय. मंग वारं बघायचं. मंग सांगायचं, मी आलो. आन् मंग तिरकं, हळूच, फिरणाऱ्यायच्या मधी शिरायचं. जल्दी बिलकुल करायची न्हाई.”

वारा बघायला तो खांब होता. त्याच्यावरचं कापड फाटलं तेव्हा काकूंनी त्याला आपल्या नारिंगी लुगड्याचं ठिगळ लावलं होतं. पण काका म्हणायचे, कापडाचं काय खरं, खळं बघा. पट्टीच्या कडेला वस्तीवरच्या बाया तूर उपणायच्या. सूप डोक्याच्या वर धरून उभ्या राहिल्या की दाणे खाली पडायचे आणि भुसा एका बाजूला उडत जायचा, सोनेरी, हळू. वरून तो धुरासारखा दिसायचा. भुसा पूर्वेला चालला म्हणजे वारा पश्चिमेचा, म्हणजे आज पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. आणि त्या बाया उपणायला लागण्याआधी मान वर करून आमचा खांब बघायच्या. आम्ही त्यांचा भुसा बघायचो, त्या आमचं कापड. कधी बोलणं झालं नाही आमचं.

महिनाभर मी रोज ती रेघ चालले. पाऊस नव्हता, त्यामुळे रेघ बुजली नाही, उलट खोल होत गेली. संध्याकाळी पऱ्हाट्या जाळल्याचा वास, हात पसरून चालणारी मी आणि कडुलिंबाखाली बसून तंबाखू मळणारे काका. माझ्या आयुष्यात कुणी मला इतका वेळ, इतकं न रागावता, बोलायला शिकवलं नाही.

*

“ह्ये निवृत्तीकाका,” आरशात दत्ता एका माणसाला सांगत होता. “पट्टीचे जुने वॉचमन.”

तो माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. शहरी शर्ट, समोर मोजमापांचे कागद, त्यावर उडू नयेत म्हणून ठेवलेली पाण्याची बाटली. आम्ही आलो तेव्हापासून तो दत्ताशी बोलत होता, त्यामुळे एवढं मला कळलं होतं की पट्टी पुन्हा सुरू होणार आहे. दुसरी कुणी कंपनी येतेय. आधी कुंपण, मग साफसफाई, आणि राखायला इथलाच, पट्टीची माहिती असलेला एक माणूस हवाय.

“बसा काका,” तो म्हणाला. “किती वर्षं होतात तुम्ही इथं?”

“पट्टी झाली तवापासून. नऊ वर्सं.” काका बसले नाहीत. “सगळं ठावं हाय साहेब. पाणी कुठं साचतं, शेळ्या कुठून घुसत्यात. रात्री-बेरात्री बी येईन.”

“मग सोडलं का काम?”

 दत्तानं भज्यांचा झारा कढईच्या कडेला आपटला.

“सोडलं कुठं, काढलं,” दुसऱ्या बाकावरचा एक जण हसत म्हणाला. “रेडिओत बोल्ला म्हातारा. विमान उडून राह्यलंय वर आन् हा खालून वरडतोय, देऊळ न्हाई हे, देऊळ न्हाई हे.”

पुन्हा सगळे हसले. शहरी शर्टवाला हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं.

“रेडिओवर? कशाला?”

“हौस,” दत्ता म्हणाला. “काका, सांगा की. भांग घेतल्ती का त्या दिवशी?”

“चुकी झाल्ती,” काका म्हणाले.

हेच. हेच दोन शब्द मी आधी ऐकले होते. आई मला विचारत होती की पंक्चरवाल्याला आवाज देऊ का. मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

*

त्या दिवशी मी मंठ्याच्या बाजूला गेले होते. एकटीनं उडायची परवानगी मिळून महिना झाला होता. घरी पेढे वाटून झाले होते, पप्पांनी ऑफिसात सगळ्यांना माझा विमानाशेजारचा फोटो दाखवला होता. मंठ्याजवळ माझ्या मामांचं गाव आहे. वरून मी त्यांची विहीर ओळखली. त्या विहिरीच्या काठावर लहानपणी आम्ही हुरड्याची कणसं भाजायचो आणि राखेनं काळे झालेले हात त्याच पाण्यात धुवायचो. वरून ती एखाद्या बटणाएवढी होती. मी तिच्याभोवती दोनदा फिरले. कुणीतरी अंगणात येऊन वर बघितलं. मामी असेल. मी हात हलवला, जो तिला दिसणं शक्य नव्हतं.

मग परत निघाले. संध्याकाळ होती, सूर्य थेट तोंडावर. पट्टीवर वारा पश्चिमेचा. म्हणजे मी पूर्वेकडून येतेय तर पट्टीपासून लांब राहून दक्षिणेनं मोठा वळसा घ्यायला हवा होता, पुढे जाऊन मागे वळायला हवं होतं आणि मग तिरकं, हळूच, फेऱ्यात शिरायला हवं होतं. आधी ऐकायचं, मग वारा बघायचा, मग सांगायचं. हे सगळं मला येत होतं. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं.

पाच मैलांवर मी बटण दाबलं. काही आलं नाही. खट्ट.

पुन्हा दाबलं. खट्ट.

मी स्वतःवर इतकी चिडले होते की पुढचं काही नीट आठवलंच नाही. उन्हात डोळे मिचकावत मी पट्टी शोधली. ती दिसली. उजव्या हाताला. आणि मला इतकं बरं वाटलं. अगदी लहानपणापासूनची गोष्ट जागेवर असावी तसं. उजव्या हाताला देव, आपण बाजूनं चाललोय, सगळं ठीक आहे.

मी चार-पाच वर्षांची असताना जांबच्या देवळात उलटी फिरले होते. आईचं बोट सुटलं आणि मी ज्या बाजूला उजेड दिसला तिकडे निघाले. समोरून सगळी माणसं येत होती, गुडघे, साड्या, पिशव्या, आणि मी त्यांच्यावर आपटत पुढे. एका बाईनं मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं. “उलटं फिरू नाही गं बाळा.” सगळे बघत होते. गाभाऱ्यातला तेलाचा, ओल्या दगडाचा आणि झेंडूचा वास, आणि त्यात माझे कान गरम झालेले. त्यानंतर मी कधी चुकले नाही. कुठल्याही देवळात, कितीही गर्दीत.

आणि आता, जे देऊळ नव्हतं तिथे, मी तशीच बरोबर चालले होते. म्हणजे समोरून येणाऱ्यांवर.

समोर सर होते. दुसऱ्या विमानात, परभणीच्या मुलाला घेऊन, त्याच उंचीवर, ठरलेल्या दिशेनं. मला सूर्यामुळे ते दिसले नाहीत. सर मान खाली घालून त्याला आतलं काहीतरी दाखवत होते, हे मला नंतर कळलं. समोरून थेट आपल्यावर येणारं विमान हलताना दिसत नाही. काचेवरच्या ठिपक्यासारखं ते एका जागी असतं आणि फक्त मोठं होत जातं.

तेव्हा कानात आवाज आला. खरखरीत, सेट तोंडाला फार जवळ धरलेला.

“देऊळ न्हाई हे, माय! डाव्या हातानं बाहेर नीघ. नीघ बाहेर!”

ते मला नेहमी ‘घ्या’, ‘या’ म्हणायचे. त्या एका वेळेलाच ‘नीघ’ म्हणाले.

मी डावीकडे वळले. माझ्या उजव्या पंखाच्या टोकाच्या पलीकडून काहीतरी पांढरं गेलं. त्याचा आवाज मला आला नाही. आपल्या इंजिनापुढे दुसऱ्याचा येत नाही. मी दक्षिणेला बाहेर, मोसंबीच्या बागांवर गेले. ओळीनं लावलेली काळी-हिरवी झाडं. मी ती मोजायला लागले. इंग्रजीत. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग वळले, तिरकी आले, पट्टी डाव्या हाताला घेतली आणि उतरले. माझं ते सगळ्यांत सुरेख उतरणं होतं. टायर टेकल्याचंसुद्धा कळलं नाही.

काका शेळ्यांच्या बाजूला उभे होते, सेट छातीशी धरून. त्यांनी मला बघितलं आणि हळूच हात पसरले, रेघेवर चालताना पसरायचे तसे, आणि डावीकडे झुकून दाखवलं. मग लगेच हात खाली घेतले, कारण सरांचं विमान मागोमाग उतरत होतं.

*

दोन दिवसांनी मुख्य ऑफिसातून दोन माणसं आली. सरांनी फक्त आवाज ऐकला होता. मान वर केली तेव्हा समोर काहीच नव्हतं. रेडिओवर परवाना नसलेला माणूस मराठीत देवळाबद्दल ओरडला, एवढीच तक्रार होती. आम्हाला ऑफिसात बोलावलं. पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या कागदांवर पेपरवेट म्हणून मोसंबी ठेवली होती. काका दाराशी उभे होते. चपला बाहेर काढून आलेले.

“तुम्ही बोललात?”

“व्हय साहेब, बोल्लो.”

“काय कारण?”

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखंसुद्धा नाही. मग अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून, आणि साहेबांकडे वळले.

“चुकी झाली.”

त्या माणसानं मला विचारलं, “त्या आवाजामुळे तुमचा गोंधळ झाला का?”

मला उत्तर माहीत होतं. फार मोठं नव्हतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पेढे आठवले, पप्पांनी दाखवलेला फोटो आठवला, हे सगळं खरं आहे. पण फक्त तेवढंच नव्हतं. मला वाटत होतं, माझ्याऐवजी कुणीतरी बोलेल. घरी आई बोलायची, दुकानात पप्पा, शाळेत शेजारची मुलगी. मी वाट बघत राहिले. पंखा फिरत राहिला.

“लाजरी आहे ती,” सर मायेनं म्हणाले. “घाबरली असेल.”

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. माझं गप्प बसणं त्यांनी ‘हो’ धरलं.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली काका बसायचे ती खुर्ची नव्हती. मी सगळीकडे बघितलं. मातीतली रेघ होती, आठवडाभर राहिली, मग नवीन राखणदाराच्या सायकलीनं पुसली. वर्षभरात सर बदलले, विमानं एकेक करून दुसरीकडे गेली, शाळा बंद झाली. मी दुसरीकडे जाऊन राहिलेला कोर्स पुरा केला नाही. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका ऑफिसात मी इंग्रजी पत्रं लिहिते. छान लिहिते असं म्हणतात. फोन वाजला तर शेजारची उचलते.

*

“चला, झालं चाक,” आई म्हणाली आणि पिशवी उचलली.

आरशात तो माणूस कागद गोळा करत होता. “काका, राग मानू नका,” तो बोलत होता, आणि त्याचा आवाज खरंच वाईट नव्हता. “विमानाचं काम आहे. रेडिओवर गंमत केलेला माणूस नाही ठेवता येत. उद्या काही झालं तर मला विचारतील.”

“बराबर हाय,” काका म्हणाले.

“तरणा बघा कुणीतरी,” बाकावरचा म्हणाला. “माझा भाचा हाय.”

काका गळ्यातली शिटी सदऱ्याच्या आत टाकत होते. दोरा बटणात अडकला होता आणि त्यांना तो सुटत नव्हता.

आई दाराशी पोचली होती. मी उठले. माझं स्टूल फरशीवर घासलं, मोठा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून बघितलं. मी आरशाकडे पाठ केली. मघापासून आरशात उजवीकडे दिसणारे काका आता माझ्या डाव्या हाताला होते. ओढणी खांद्यावर आली होती.

तोंड उघडलं. काही आलं नाही. दत्ताचा झारा हवेत थांबला होता. आई म्हणाली, “काय गं?”

काकांनी शिटीवरून नजर वर केली. त्या शांततेकडे त्यांनी थोडा वेळ बघितलं, आणि मग मला ओळखलं. मला ते कळलं, कारण त्यांनी परत तेच केलं. अगदी थोडी मान हलवली. नको.

कढईतलं तेल तडतडत होतं. बाहेर पंक्चरवाल्यानं पंप जमिनीवर टाकला.

“ते माझ्याशी बोलत होते,” मी म्हणाले. “उलटी मी आले होते.”